हजार फुटांचं अंतर

“वहिनी, ज्योतीरामची झोप मोडू नका हं. टॉवरवरचा माणूस पेंगला की वर दोन विमानांची गाठ पडते,” बारशाच्या पंगतीत विमानतळाच्या टॉवरवरचे नवऱ्याचे सोबती रंगराव म्हणाले होते, तेव्हा इंद्रायणी हसली होती. “मग तुमच्याकडेच पाठवते झोपायला,” म्हणत तिनं त्यांच्या पानात आणखी एक लाडू वाढला होता.

आता तिला हसू येत नव्हतं.

मुरारी चार महिन्यांचा झाला होता आणि रात्रभर रडत होता. चिंचवडातल्या त्या एका खोलीत कोण कुठे झोपणार? ज्योतीराम उशी घेऊन ओसरीवर जाई, तर रडं त्याच्या मागोमाग ओसरीवर. मग तांबारलेल्या डोळ्यांनी तो सायकलवर टांग टाकी आणि भोसरी-दिघीच्या वाटेनं विमानतळ गाठी.

एके दिवशी तो घरी आला तो जेवलाच नाही.

“काय झालं?”

“काही नाही.”

“लपवू नका. बी.ए. झालेय मी, चेहरा वाचता येतो.”

“बी.ए.ला चेहरे शिकवतात होय?” तो कसंनुसं हसला. मग हळूहळू बोलला.

दोन विमानं ढगात होती. एकाला आहे त्याच उंचीवर ठेवायचं आणि दुसऱ्याला हजार फूट खाली घ्यायचं, एवढंच काम. तेवढ्यात पाळी बदलली. रंगराव बिनतारी यंत्रासमोरून उठले, हा बसला. रंगरावांना वाटलं, हा सांगेल. याला वाटलं, त्यांनी सांगितलंय. विमानं एकाच उंचीवर समोरासमोर आली. एका वैमानिकाला ढगाच्या फटीतून दुसरं दिसलं, म्हणून वाचली.

“डोकं ठिकाणावर असतं तर विचारलं असतं गं. ‘सांगितलंत का?’ एवढंच.”

“साहेब काय म्हणाले?”

“पुन्हा झालं तर घरी बसा म्हणाले. घरी बसेन गं मी. पण त्या विमानांतली माणसं?”

त्या दिवसापासून आभाळात घरघर झाली की इंद्रायणी दाराबाहेर यायची. एक विमान गेलं की दुसऱ्याची चाहूल घेत ती अंगणात उभी राही. हातातलं काम हातातच.

“अगं, बाळगोळी दे की,” शेजारच्या सुभद्राबाई म्हणाल्या. त्या पिंपरीला बांधकामावर पाट्या टाकायला जायच्या. “आमी कामावर जातो त्या काय पोरं काखंत मारून व्हय? वाईच मोहरीएवढी, दुधात उगाळून. दिसातनं एकडाव.”

“त्यात अफू असते ना हो?”

“असंल वाईच. तू बी तिच्यावरच वाढली असशील. म्हणून तर यवढी शिकलीस!”

इंद्रायणी दोन दिवस कचरली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं गोळी दिली. ज्योतीरामनं कपाळाला आठ्या घातल्या, पण त्या रात्री तो घोरला. किती दिवसांनी! पुढे रोज दिवेलागणीला गोळी आणि रात्रभर शांतता. तो झोपायचा. इंद्रायणी मात्र अंधारात डोळे उघडे ठेवून कान देत पडायची.

“तू का झोपत नाहीस?” तो विचारायचा.

“तुम्ही झोपा. तुमच्या हातात माणसं आहेत.”

त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. ढग खाली उतरले होते, आणि कुणी बडी मंडळी दिल्लीहून येणार म्हणून विमानांची वर्दळ वाढणार होती. मुरारी पहाटेपासून कुरकुरत होता. ज्योतीराम कुशी बदलत होता. इंद्रायणीनं विचार केला, संध्याकाळची आत्ताच दिली तर काय बिघडतं? तिनं गोळी उगाळली. बाळ निवलं, बापाचा डोळा लागला. ती पावलं न वाजवता धुण्याचं बोचकं घेऊन हौदावर गेली.

धुणं अर्ध्यावर असतानाच सायकलची घंटा वाजली.

“उशीर झाला गं! भाकरी घेतलीय. तो झोपलाय, आता तूही जरा पड.”

“नीट जा हो! आणि विचारा सगळं!”

“विचारतो!”

ती घरी आली तेव्हा मुरारी गाढ झोपला होता. त्याच्या जावळावरून हात फिरवावासा वाटला, पण जागा होईल म्हणून तिनं हात मागे घेतला.

पडायचं कसलं! दुपार उतरू लागली आणि पश्चिमेकडून घरघर ऐकू आली. पाठोपाठ दुसरी, अगदी तिच्यात मिसळलेली. ढगांत काही दिसेना. इंद्रायणीनं अंगणातली धुणं वाळत घालायची तार घट्ट धरली. आवाज जवळ आले, डोक्यावर आले, एकच झाले. दूध दाटून छाती ठणकत होती, पण तिचा जीव वर टांगला होता.

मग आवाज वेगळे झाले. एक खाली दिघीकडे उतरत गेला. दुसरा वर रेंगाळला आणि सावकाश त्याच्यामागे गेला.

ती तारेखालीच बसून रडली.

“येडी का काय गं तू!” कामावरून परतलेल्या सुभद्राबाई तिच्या शेजारी टेकल्या. “न्हवरा हाय तुजा तिथं, हुशार हाय.”

दिवे लागायच्या सुमारास ज्योतीराम आला तो शीळ घालतच. “आठ विमानं उतरवली! रंगरावांनी पाठ थोपटली. खुर्चीवर बसताना एकूण एक विचारून घेतलं बघ, कुणाला सांगितलं, कुणाला राहिलं.”

“मी ऐकत होते,” ती डोळे पुसत हसली.

“म्हणजे आजही पडली नाहीस ना? आणि मी मुद्दाम...” त्यानं सायकल भिंतीला लावली. “बरं, आता गोळी देऊ नकोस हं. मी जाताना दिलीय. चुळबुळत होता, म्हटलं तुला तेवढीच झोप मिळेल.”

इंद्रायणी उठली आणि उंबऱ्याशी थांबली. आत काही वाजत नव्हतं.

“कुणीतरी आत जा हो,” ती म्हणाली. “पाळण्यात बघा कुणीतरी.”