बर्फाखालचं जाळं

जाळं बर्फाखालून निम्मं सरोवर ओलांडून गेलं होतं, तेव्हा सरहद्द सरकली.

मोतियुसने मान वर केली. पोलिश शिपाई सरहद्दीची खूण म्हणून बर्फात फर झाडाच्या फांद्या रोवत येत होते. कालपर्यंत त्या पलीकडच्या काठाशी होत्या. आज त्या मोतियुसच्या कोळ्यांच्या टोळीच्या आणि जाळं वर काढायच्या भोकाच्या मधून गेल्या. भोकापाशी उभ्या असलेल्या त्याच्या माणसांना शिपायांनी अलीकडे हाकललं. पुढचे दोर तिथेच पडून राहिले.

"लिथुआनिया इथवर," हवालदार म्हणाला.

"साहेब, आमचं जाळं आत आहे."

"मग ओढा की मागे!"

टोळीत कुणीतरी हसलं. असलं जाळं पुढेच ओढायचं असतं. उलटं ओढलं तर तळाशी बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकून चिंध्या होतात. तरी त्यांनी ओढून पाहिलं. मागचा दोर हातभर आला आणि ताठ झाला. गावातल्या प्रत्येक घराने त्या जाळ्याचा एकेक पट्टा विणला होता. दुसरं जाळं नव्हतं. ईस्टरपर्यंत चुलीवर चढणार होती ती हीच मासळी.

पलीकडे मोतियुसच्या मेहुण्याचं गाव काठावर जमलं होतं.

"दाजी!" मेहुणा विंत्सास ओरडला. "आम्ही ओढू का?"

"ओढलंत तर माल पोलंडचा," हवालदार म्हणाला. "नाही ओढलंत तर कुणाचाच नाही."

"कुजू दे तळाशी!" टोळीतला म्हातारा बाल्त्रुस थुंकला. "त्यांच्या घशात कशाला घालायचं?"

मोतियुस अलीकडच्या भोकापाशी गेला. मग त्याने आपल्या माणसांना मागचा दोर सोडायला सांगितलं. बाल्त्रुसने सोडला नाही. मोतियुसने त्याची बोटं एकेक करून उकलली.

"ओढ रे, विंत्सास! डावीकडे जरा हळू. तो पट्टा तुझ्या बहिणीचा आहे."

मासळी वर आली. एवढी मासळी त्या हिवाळ्यात आली नव्हती. पहिला मासा भोक पाडणाऱ्याचा ही रीत, म्हणून विंत्सासने एक मोठा मासा फांद्यांवरून अलीकडे भिरकावला. शिपायाने तो बुटाने परत पलीकडे ढकलला.

जाळं घसरगाडीवर चढलं. ओलं जाळं वाऱ्यात कडक होऊ लागलं.

"दाजी, वाळत कुठे घालू?"

"इथून दिसेल असं घाल."