मादाम कोकार

क्लोतिल्द वेसाद पावाच्या बंद पडलेल्या दुकानासमोरून पुन्हा माघारी वळणार, इतक्यात दार उघडलं.

"मघापासून खिडकीतून बघतेय," फेरनांद रूशी म्हणाली. "आत येतेस, की पोलिसांना बोलावू? ये. तुझ्या आईच्या दफनाच्या दिवशी तुझ्याशी धड बोलताच आलं नाही."

क्लोतिल्द आत गेली. कोट मात्र तिनं काढला नाही.

लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रकार म्हणून फ्रान्सभर तिचं नाव झालं ते मादाम कोकारमुळे. मादाम कोकार ही एक कजाग बदकीण. मान ताठ, चोच वाकडी, सदा शेजाऱ्यांच्या कुंपणावरून डोकावणारी. पॅरिसमध्ये कुणी चित्रं घेत नव्हतं, त्या दिवसांत क्लोतिल्दनं ही बदकीण रागाच्या भरात काढली होती. लहानपणी आपल्याला याच पावाच्या दुकानातून हुसकावणारी फेरनांद डोळ्यांसमोर ठेवून. पुस्तक पोरांनी डोक्यावर घेतलं. मग आणखी पुस्तकं आली, बक्षिसं आली, कापडी बदकिणी दुकानांत लागल्या.

आणि एकदा आई फोनवर म्हणाली, "गावानं ओळखलं गं तुझ्या बदकिणीला. पोरं मागून चोच वाकडी करत चालतात. बिचारीनं बाजारात जाणंच सोडलंय."

"कुणी? फेरनांदनं?"

"हं... तिनंच," आई म्हणाली आणि हवेबद्दल बोलू लागली.

तेव्हापासून पुस्तकजत्रेत सह्या करताना क्लोतिल्दची मान वर होत नसे. पोरं समोर येऊन बदकिणीची चाल करून दाखवायची, त्यांचे आईबाप खदखदून हसायचे, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी प्रकाशकानं मागितलं की पुढचं पुस्तक ती काढून द्यायचीच. गावी जाणं तिनं जवळजवळ बंद केलं. काम आहे म्हणायची. आईनंही कधी 'ये' म्हणून आग्रह धरला नाही.

"बस ना," फेरनांद कॉफी ओतत म्हणाली. "आणि अशी चोरासारखी काय बघतेस?"

"मादाम रूशी, मी माफी मागायला आलेय." क्लोतिल्द बसत म्हणाली. "ती बदकीण मी तुम्हाला बघून काढली होती. माझ्यामुळे गावात तुमचं हसं झालं. तुमचं घराबाहेर पडणं बंद झालं. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी काढतच राहिले."

"माझं? अगं, एक शनिवार बाजार चुकवला नाही मी! कुणी सांगितलं तुला हे?"

"आईनं."

फेरनांदनं किटली खाली ठेवली. खुर्ची ओढून ती क्लोतिल्दच्या समोर बसली.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "ती बदकीण मी आहे असं या गावात कुणालाच वाटलं नाही. पोरं चोच वाकडी करून चालायची, ती तुझ्या आईच्या मागे."