उठून ये, उलोमा

“आज बाटली घेऊनच आलीस होय?” उलोमानं चटईवर पडल्यापडल्याच विचारलं.

युनिसनं पिशवीतली पाण्याची बाटली लपवायचा प्रयत्नही केला नाही. “पाद्रीसाहेब म्हणाले, अगदीच वेळ आली तर मीसुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते. तू फक्त हो म्हण.”

“वेळ आलीय असं दिसतंय का माझ्याकडं बघून?”

“दिसतंय.”

“मास्तरीणबाई झालीस, पण बोलायची रीत काही आली नाही तुला.” उलोमा हसली आणि हसता हसता खोकत राहिली.

दोघी एका वयाच्या, चौसष्ट वर्षांच्या. उमुइयी गावात दोघींची घरं एकाच कुंपणाला लागून होती. बाराव्या वर्षी ओनित्शा शहरातल्या मिशन शाळेत दोघींची नावं घातली होती. कपडे एकाच पेटीत भरायचे, हेही ठरलं होतं. त्याच वर्षी नदीचा कौल लागला. नदीच्या देवीला दर पिढीत गावातली एक मुलगी लागे. तिनं देवीच्या ठाण्यावरच राहायचं, पांढरं नेसायचं, लग्न करायचं नाही, नदी ओलांडायची नाही.

उलोमा गेली. तिला कुणी ओढत नेलं नाही. बाजाराला निघाल्यासारखी आपल्या पायांनी हसत गेली. युनिस एकटीच शाळेत गेली, बाप्तिस्मा घेऊन नवं नाव लावून आली, शिक्षिका झाली. लग्न झालं, चार मुलं झाली, नातवंडंही झाली.

उलोमाचं ते हसत जाणं मात्र तिला कधी विसरता आलं नाही. माझ्यासाठीसुद्धा रडली नाही, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

आधी सुट्टीत आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी, युनिस ठाण्याच्या अंगणात येऊन बसे. चर्चमधल्या बायका नाकं मुरडत. “भुताखेतांच्या दारात कसली जातेस गं?” म्हणत. “भूत नाही, उलोमा आहे तिथं,” युनिस म्हणे. ती कडू पाल्याचं सूप घेऊन जाई. उलोमानं तिच्यासाठी उदारा नावाच्या झाडाची गोड फळं राखून ठेवलेली असत. मग युनिस येशूच्या गोष्टी सांगे. उलोमा मन लावून ऐके आणि नेमकी मधेच अडवी.

“तो दुसऱ्यांच्या जागी गेला म्हणतेस. ज्यांच्यासाठी गेला, त्यांना ठाऊक होतं का ते?”

“तेव्हा नव्हतं.”

“आणि कधी कळलंच नाही तर? जाणं फुकट गेलं?”

“फुकट नाही जात. पण कळावं म्हणून तर तुझं डोकं खाते.”

“खा, खा. दुसरं कोण खातंय माझं डोकं.”

आज मात्र युनिसला असलं काही सुचत नव्हतं. तिनं उलोमाचा हात हातात घेतला. नुसती हाडं लागली.

“उलोमा, मी वर जाईन, तर तिथं माझी आई नसेल. ती बाप्तिस्मा न घेताच गेली. आता तूही नसशील. सगळं सुख असेल आणि मी आपली दाराकडं बघत बसेन.”



“मलाही यायचंय गं,” उलोमा म्हणाली. “तुमची गाणी पाठ आहेत मला. रविवारी वारा इकडचा असला, की मी तुमच्याबरोबर म्हणते.”

युनिसला हे माहीत नव्हतं. “मग उठून ये की. एवढंच तर मागतेय.”

“मी उठले, तर कुणाला तरी इथं बसावं लागेल.”

“बसेल कुणीतरी. पन्नास वर्षं बसलीस, पुरे झालं. दुसरीचं दुसरी बघेल.”

उलोमा तिच्याकडं पाहत राहिली. मग तिचा हात थोपटून म्हणाली, “बाटली राहू दे इथं. तहान लागली तर पिईन.”

बुधवारी उलोमा गेली. ठाण्याच्या माणसांनी तिला नदीकाठी पुरलं. चर्चची घंटा वाजली नाही. युनिस दूर झाडाखाली उभी राहून सगळं पाहत होती. घरी येऊन ती प्रार्थनेला बसली, पण शब्द येईनात. इतकी वर्षं मागितलं, एवढं एक दिलं नाहीस, याच्यापुढं तिचं मन जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी ओनुओरा तिच्या ओसरीवर आला. हा ठाण्याचा म्हातारा कारभारी. पूर्वी कौल लावायचं काम त्याच्या वडिलांकडं होतं. युनिसनं पाहुण्याला द्यायच्या रीतीप्रमाणं त्याच्यापुढं कोलाची बी ठेवली. त्यानं ती फोडली, पण तोंडात टाकली नाही.

“ओनुओरादादा, एकच विचारते. खरं सांगा. शेवटी तिनं प्रभूचं नाव घेतलं का?”

“त्यातलं मला कळत नाही, मास्तरीणबाई. मी दुसऱ्याच कामानं आलोय. ती जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही, अशी तिनं शपथ घातली होती आम्हाला.” त्यानं फोडलेली बी बाजूला ठेवली. “ठाणं आता आम्ही मोडतोय. ती शेवटची. नदी यापुढं कुणाला मागायची नाही. तुम्हालाही नाही आणि तुमच्या लेकींनाही नाही.”

“मला कशाला मागेल ती?”

ओनुओरानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्या वर्षी कौल तुमच्या नावाचा लागला होता. बाबा तुमच्या घराकडं निघाले, तर ही पोर वाटेत आडवी उभी. म्हणाली, तिला नका नेऊ, तिला शाळेत जायचंय. मी आले तर चालेल का?”