वाटीने उघडा ठेवलेला बोळ

मुलांनो, आपल्या वाटा आपणच मिटवणारं एक शहर डोळ्यांसमोर आणा. ज्या बोळातून दिवसभरात कुणी चाललं नाही, त्याच्या दोन्ही भिंती सूर्य मावळताच सरकतात आणि एकमेकींना चिकटतात. शहर मग बाहेर पसरत जातं आणि माणसं गाडीत बसून लांबच्या वळशाने जातात.

अशा शहरात कुसुमआत्या दमून पायरीवर बसली होती. गुडघा सुजून टम्म झाला होता. बोळाच्या पलीकडच्या टोकाला तिची मैत्रीण हमीदा राहायची. दोघींमध्ये एक वाटी फिरायची. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, या जुन्या रीतीवरच बोळ उघडा राहिला होता. बोळातली बाकीची दारं कधी उघडतच नसत. लोक पुढच्या अंगणातूनच गाडीत बसत. आज वाटी आत्याकडे होती आणि उन्हं उतरत होती.

"राहू दे," आत्या भाचीला म्हणाली. "हमीदाकडे जाईन गाडीने कधीतरी."

"दीड तासाचा वळसा घालून? तू जाशील होय!" शर्वी म्हणाली. "आण ती वाटी, मी जाते."

"आज जाशील गं. उद्या तू तुझ्या घरी. मग कोण चालणार?"

शर्वी उठून स्वयंपाकघरात गेली. मग तिने मांडणीवरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या वाट्या काढल्या, प्रत्येकीत हमीदासाठी केलेला शिरा थोडा थोडा भरला आणि बोळातल्या पहिल्याच बंद दाराची कडी वाजवली.