चौदा नंबरचं निदान

"हिला त्रिकोणात कुणी घातलं?" मुलीच्या आईने दारातूनच विचारलं. ती शिवणाच्या मशीनवरून उठून थेट शाळेत आली होती. मापाची टेप गळ्यातच राहिली होती.

गणिताच्या बाईंनी तिला आधी बसायला सांगितलं, मग पाणी दिलं, मग हसल्या. तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांशी कसं वागावं याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं.

"अहो ताई, आम्ही मुलांना कशातच घालत नाही. त्यांची गरज ओळखतो."

सहावीच्या वर्गात तीन गट होते. वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण. हुशार, मध्यम, कच्चे म्हटलं की मुलांची मनं दुखावतात, म्हणून ही नावं. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मुलं "ए त्रिकोण!" असं एकमेकांना चिडवू लागली. ते लिहायला बाईंच्या पाठाच्या टाचणात रकाना नव्हता.

पूर्वीच्या मास्तरांकडे एक खडू असायचा. फळ्यावर भागाकार घातला की ते वर्गात फिरत, कुणाची पेन्सिल कुठे अडली ते बघत आणि तिथेच उकिडवे बसत. मारायचेही, नाही असं नाही. पण आपण कुणाला मारतोय ते त्यांना ठाऊक असे. आता टाचणाला सात रकाने आले, तीन रंग आले आणि मुलाशेजारी बसायला कुणाला वेळ उरला नाही. बाईंची टाचणाची फाईल तर आदर्श ठरली होती. चार शाळांचे शिक्षक ती पाहून गेले. वाचली मात्र एकानेही नव्हती.

"आज सातवीचे गट लागणार ना?" आई म्हणाली. "ही त्रिकोणात राहिली तर पुढचं वर्षही बेरजा करण्यात जाणार. पाचवीत हिला चौऱ्याण्णव मार्क होते, बाई. यंदा एक्केचाळीस. पोरगी तीच, घर तेच. मधे झालं काय?"

"सांगते ना." बाईंनी फाईल उघडली. इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याची फाईल चार शाळांनी पाहिली, ते माणूस गप्प बसत नाही. "हे बघा, पहिल्या आठवड्यातलं निदान. रोल नंबर चौदा. हातचा विसरण्याची सवय. सातचा पाढा कच्चा. चष्मा दप्तरातच राहतो, त्यामुळे फळ्यावरचं दिसत नाही."

"चष्मा कुणाला?"

बाई वाचण्याच्या भरात होत्या. पुढची ओळ तोंडातून गेलीच. "वडिलांना समक्ष भेटून कल्पना दिली."

"कुणाच्या वडिलांना?" आई म्हणाली. "हिचे वडील ही चार महिन्यांची असतानाच गेले."

बाईंनी पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. मग त्यांना आठवलं. वर्षाच्या सुरुवातीला तपासणीचे साहेब सोमवारी येणार होते आणि फाईल शनिवारी हवी होती. नव्या वर्गातलं एकही नाव तोंडात बसलं नव्हतं. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर मागच्या वर्षीची फाईल उघडली, जुनी अडतीस नावं पुसली, नवी अडतीस चिकटवली आणि निदानं तशीच राहू दिली. सवडीने बदलणार होत्या. ती सवड काही आली नाही. वर्षभर बाई फक्त रंगाचा रकाना पाहत आणि त्या त्या रंगाचे कागद वाटत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बाईंची पाचावर धारण बसली ती निराळ्याच गोष्टीने. फाईलच्या पहिल्या पानावर साहेबांचा शेरा होता: 'पहिल्या आठवड्यातले निदान व वार्षिक निकाल तंतोतंत जुळले. इतके अचूक निदान क्वचितच आढळते.' आणि शेरा खोटा नव्हता. ज्यांना वर्षभर अपूर्णांक दिले त्यांना अपूर्णांक आले. ज्यांना बेरजा दिल्या ते बेरजांवरच राहिले.

"छपाईत काहीतरी चूक झालीय," बाई म्हणाल्या.

"मग ती दुरुस्त करा. माझ्या हातून बाही उलटी लागली तर 'तुमचा हातच तसा आहे' असं मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. उसवते आणि पुन्हा लावते."

बाईंनी चौदा नंबरपुढचा त्रिकोणाचा गुलाबी रंग खोडला, वर्तुळाचा निळा केला आणि शेजारी लिहिलं, 'लक्षणीय प्रगती'. मग बाहेर थांबलेल्या मुलीला त्यांनी आत बोलावलं.

"बाळ, सातवीत तू वर्तुळात हं."

मुलगी आईच्या मागे सरकली. "मला नाही जमणार, बाई. मी त्रिकोण आहे."

"असं कुणी सांगितलं तुला?"

मुलीने आईमागून डोकं बाहेर काढलं. प्रश्न इतका सोपा होता, की तो आपल्यासारख्यांसाठीच काढलेला असणार असं तिला वाटलं.

"तुम्हीच."

आईने तिचा हात धरला आणि तिला घेऊन गेली.

एवढ्यात मुख्याध्यापक आत डोकावले. "बाई, पाचव्या शाळेची मंडळी आली आहेत. तुमची फाईल देता ना?"

बाईंनी दाराबाहेर एकदा पाहिलं आणि फाईल त्यांच्या हातात दिली. बाकीच्या सदतीस मुलांच्या आया अजून आल्या नव्हत्या.