दुधी काचांची गाडी

खाट

स्ट्रेचरचे रूळ कापायला नंदलाल तयार होईना.

"राहू द्या, खुशालभाऊ. फळ्या याच्यावरच सरकवू. झोपाच्या वक्ती वढायच्या, सकाळी आत. मस्त पलंग होते."

खुशालने ग्राइंडर खाली ठेवला. कुडव्यातल्या त्याच्या घरामागे, शेवग्याखाली, जुनी सुमो उभी होती. एकेकाळची रुग्णवाहिका. बाजूचा लाल पट्टा घासूनही पुरता जात नव्हता. एका संस्थेच्या आवारात ती आठ-नऊ वर्षं सडत होती. तिरोड्याच्या वीज प्लांटातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर खुशालने ती भंगारातून उचलली. हिच्यातच झोपायचं, हिच्यातच रांधायचं, फिरत राहायचं. पहिला मुक्काम इटियाडोहचं धरण, मग जमेल तिथवर.

हिच्यातच त्याची बायको लीलाबाई गेली होती. त्या दिवशी गाडी चालवत होता नंदलाल.

काचा

अल्काला हे पटत नव्हतं. दुसऱ्या गाड्या मेल्या होत्या का, असं तिने बापाला सरळ विचारलं. त्याच गाडीत काऊन झोपता?

"तुही माय अर्ध्या रस्त्यात राह्यली," खुशाल म्हणाला. "उरलेला रस्ता मले पुरा करायचा हाय."

"अन् हा माणूस अंगणात कायले?"

"हिची नस त्यालेच माहीत हाय. पंक्चर काय कोणाच्या हातात असते, बाई?"

भाऊबीजेला लीलाबाई माहेरी गेली होती. तिथेच रात्री छातीत कळ आली. खुशाल पाळीवर होता. तिच्याजवळ आत बसले तिचे वडील उदाराम, कानांनी ठार बहिरे. दुधी काचांतून त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. गाडी थांबली, लय वेळ थांबली, एवढंच ते मरेपर्यंत सांगत राहिले. नंदलालने पंक्चर सांगितलं, चौकशीत तेच धरलं गेलं. स्टेपनी चढवून, पुढचे वीसेक मैल कापून त्याने दवाखाना गाठला, पण उशीर झाला होता. सकाळी पंक्चर काढून जुनं चाक परत बसवलं, गाडी आवारात लावली. त्यानंतर ती हलली नाही.

गंज खरवडताना खुशाल त्याला ते पुन्हा सांगायला लावी. नंदलाल सांगे. बांधाजवळची ओली माती, खचणारा जॅक, त्याखाली सरकवलेला दगड. कधी दगडाऐवजी वीट असे. खुशाल ऐकून घेई आणि नवा पॉलिश पेपर पुढे करी.

दुधी काचा काढून साध्या बसवल्या. आतून बाहेरचं दिसलं पाहिजे, एवढं एकच खुशालने बजावलं होतं.

पंखा, टाकी, शेगडी

सगळं नंदलालने बसवलं. नव्या बॅटरीवर पंखा, छतावर पाण्याची टाकी, मागे घडीची शेगडी. लीलाबाई गेल्यापासून त्याने कुणाची गाडी चालवली नव्हती. दारू नाही, खर्रा नाही. शौक एकच, दंडारीचा, गावच्या मांडवात रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा. ड्रिल चालवताना तो दंडारीतली गाणी गुणगुणे.

आठवडाभराने अल्काने त्याच्यासाठीही चहा टाकला. कप घेताना त्याचे डोळे भरले.

टायर

चारी टायर तडकलेले. नवे आले तेव्हा त्यांच्यावर उभे असलेले बारीक रबरी केस अल्का बोटाने वाकवून पाहत होती. काका, हे काय?

"साच्यातून निघते तवाचे राहतात, ताई. चार-पाच मैल चालली का घासून जातात. केस गेले का समजाचं, टायरनं रस्ता पाह्यला."

अल्का त्याच्याशी पहिल्यांदा हसली.

पाचवाही घेऊन टाका, जुन्या रबराचा भरवसा नाही, असं नंदलालने दोनदा सुचवलं. स्टेपनी खुशालने गाडी आणली त्याच दिवशी धुऊन, पुसून मागच्या दाराला टांगली होती. वर अल्काकडून शिवून घेतलेलं रेग्झिनचं कव्हर.

"हाय तेच राहू दे," तो म्हणाला.

रस्ता

दिवाळी झाली. मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस आले आणि दोघं निघाले.

लीलाबाईच्या माहेराजवळच्या एका गावाबाहेर मांडव उभा होत होता. नंदलालने आपोआप वेग कमी केला.

"इथची दंडार पाहाची, भाऊ. एक साल तर राजाले खरीच तलवार लागली. रगत गळून राह्यलं, पण गडी शेवटपर्यंत बोलला. पब्लिक पागल झाली होती."

"कोणत्या साली?"

नंदलालने गिअर बदलला. "लय झाले," म्हणाला.

खुशाल साध्या काचेतून मांडवाकडे पाहत राहिला. मांडवापासून सडक दहा पावलांवर होती.

स्टेपनी

इटियाडोहला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. नंदलाल पाण्यावर हातपाय धुऊन आला. खुशालने शेगडीवर भात चढवला होता. मागच्या डाव्या चाकातली हवा जाऊन रिम जमिनीला टेकली होती.

नंदलाल उकिडवा बसला. टायरवरून हात फिरवला. नवा टायर, खिळा नाही, काटा नाही. वॉल्व्हचं झाकण तेवढं जवळच गवतात पडलेलं.

"कसा काय बसला, भाऊ?"

"पंक्चर काय कोणाच्या हातात असते," खुशाल म्हणाला. "लाव स्टेपनी. तुले तर सवय हाय."

माती ओली होती. जॅक खचू लागला. खुशालने स्वतःच एक दगड आणून त्याखाली सरकवला. मग चाकाचा पाना उचलला आणि नंदलालच्या मागे येऊन उभा राहिला.

"उरलेला रस्ता पुरा करू," तो म्हणाला. "काढ कव्हर."

नंदलालने दोरी सोडली. रेग्झिन घसरून खाली पडलं.

टायरवरचे रबरी केस जसेच्या तसे उभे होते.