पांढरं पडलेलं पॉलिश

शालूबाईनं ते फडकं नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं. फडक्यात लाखेचा चिकट लगदा होता.

"मोरीमागं गावलं," ती म्हणाली. "कुनी गाळलं ह्ये?"

जोतीराम तंबाखू ओढायच्या शिसवी पाइपवर कापसाचा बोळा फिरवत होता. त्याचा हात थांबला. लाख स्पिरिटात विरघळवली की पॉलिश तयार होतं. त्यातली लाख गाळून काढून उरलेलं स्पिरिट पिणारे लोकही त्या दारूबंदीच्या, परमिटच्या दिवसांत कमी नव्हते. त्यापायी कुणाकुणाचे डोळेसुद्धा गेले होते.

"आवं, मी काय इचारतीया?"

त्यानं फडक्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. बोळा खाली ठेवला.

"मीच," तो म्हणाला.

नवरा नाही म्हणेल, उलट भांडेल, अशी तयारी करून ती आली होती. पण तो सरळ कबूल झाला. ज्याला सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही म्हणून तिनं माहेरी मिरवलं, तो हा माणूस. मिरजेत सतारींना पॉलिश करायला शिकला, मग स्वतःच्या डोक्यानं पाइप घडवायला लागला. सांगलीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमधून त्याचे पाइप पार पलटणीतल्या साहेबांपर्यंत जायचे. स्वतः मात्र कधी एक झुरका घेतला नव्हता.

"आप्पा, ऐकलंत?" ती कोपऱ्याकडं वळून म्हणाली.

कोपऱ्यात तिचे वडील हरिबा बसले होते. त्यांचा मुलगा लांब जतला होता. माधवनगरच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते तिथं एकटेच राहायचे आणि रोज दुपारी चालत लेकीकडं यायचे. जुन्या वळणाचा माणूस. शालूबाईला मूलबाळ नव्हतं, म्हणून लेकीच्या घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. दाढदुखीसाठी तोंडात लवंग धरून शेडमध्ये बसायचे आणि उन्हं उतरली की जायचे. माझ्या आप्पांसारखा माणूस दाखवा, असं शालूबाई येताजाता म्हणायची. नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं जरा जास्तच म्हणायची.

"जाऊ दे पोरी," आप्पा पुटपुटले. "मानूस हाय. चुकतंय."

"न्हाई आप्पा. तुमच्या पायावर हात ठिवून सांगू दे, पुन्ना शिवनार न्हाई म्हनून."

जोतीराम मुकाट्यानं उठला आणि सासऱ्यापुढं वाकला. आप्पांनी चटकन पाय मागं ओढले.

"नगं, नगं! जावयाला आसं करायला लावू ने." त्यांचे डोळे भरून आले होते.

लेकीचं नशीब बघून म्हाताऱ्याला रडू आलं, असं शालूबाईला वाटलं. त्या घटकेला तिला नवऱ्याचा मनापासून राग आला. स्पिरिटची बाटली तिनं ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तयार पॉलिशची बाटली मात्र बाहेर ठेवावी लागली, कारण काम तर चालू राहायला हवं होतं.

आठवडाभरानं सुभेदार मानसिंग साताऱ्याहून आले. पलटणीतले साहेब निवृत्त होत होते, त्यांना निरोपाला द्यायचे पाइप न्यायला. जोतीरामवर त्यांचा फार जीव. शालूबाईनं लगबगीनं चहा टाकला आणि कप घेऊन शेडच्या दाराशी आली, तेव्हा सुभेदार एक पाइप उजेडात धरून उभे होते.

"जोतीराम, ह्ये काय रं? बुरशी आल्यावानी दिसतंय."

पाइपवर पांढुरका थर धरला होता. दुसऱ्यावर तसाच, तिसऱ्यावरही.

"पालिशमधी पानी गेलंय, सुभेदारसाब."

"गेलंय का कुनी घातलंय?"

सुभेदारांनी जग पाहिलं होतं. शेजारची सुलाबाई दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागं आणखी दोघी. शालूबाई मनातल्या मनात नवऱ्याला विनवत होती, खोटं बोला, झाकण उघडं राहिलं म्हणा, काहीही म्हणा.

जोतीरामनं शेडभर एकदा नजर फिरवली आणि खाली घातली.

"मी पितो," तो म्हणाला. "बाटली कमी दिसू ने म्हनून पानी घातलं."

सुभेदारांनी पाइप हळूच फळीवर ठेवला.

"तुज्या हातासाठी म्या साऱ्या पलटनीत शब्द टाकलाय, गड्या. आता कंच्या तोंडानं जाऊ?"

ते चहा न घेता गेले. सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शालूबाईला झालं. आप्पा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते. म्हाताऱ्या बापाला हे बघायला लागलं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

तिनं घरात जाऊन चार लुगडी बोचक्यात बांधली आणि बाहेर आली.

"आप्पा, उठा. आपुन जतला दादाकडं जाऊ. दुस्काळातनं सावरलाय आता, मेंढरंबी वाढल्यात. तुमीबी आता एकलं नगा ऱ्हाऊ."

जोतीराम पुढं आला. "तू जा शालू. आप्पांना हितंच ऱ्हाऊ दे. मी बघतो त्यांच्याकडं."

"तुमी? आदी सवताला सांबाळा!" ती कडाडली. "माज्या बापाला दारुड्याच्या दारात ठिवू व्हय?"

जोतीराम बाजूला झाला. शालूबाईनं आप्पांचा हात धरला.

"चला की, आप्पा. आता हितं काय ऱ्हायलंय आपलं?"

आप्पा उठेनात. त्यांनी मान वर केली नाही.

"जतला," ते हळूच म्हणाले, "स्पिरिट मिळतंय का गं?"